जुनी स्पोर्ट्स कार विकू नका, नुसती विकायला काढा

दोन दारं, दोन सीट, कापडी छप्पर आणि एमएच-०४ ची, म्हणजे ठाण्याची, पाटी. अशी म्हातारी स्पोर्ट्स कार तुमच्याकडे असेल तर आप्तेष्ट एकच सल्ला देतील, ‘विकून टाक.’ त्यांना काय जातंय बोलायला, त्यांच्या गाड्या सेल मारला की सुरू होतात. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. प्रेम टिकवायचं कसं, तेवढं मी सांगतो.

गाडी आठ सेकंदांत शंभरचा वेग गाठते, हे भेटेल त्याला सांगा. कुठे गाठते ते सांगू नका. घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांच्या सोबतीने, गुजरातकडे निघालेल्या ट्रेलरच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये बसून राहिलात की हा प्रश्न आपोआप मिटतो. तिथे खरी परीक्षा तापमानाच्या काट्याची. काटा लालकडे सरकायला लागला की घाबरायचं नाही, हीटर फुल लावायचा. थट्टा नाही, शास्त्र आहे. हीटरच्या आत इंजिनाचं गरम पाणी खेळवणारी छोटी जाळी असते, म्हणजे जादाचा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता उचलतो आणि तुमच्या गुडघ्यांवर आणून ओततो. मे महिना, भर दुपार, कापूरबावडीचा सिग्नल, छप्पर उघडं आणि हीटर चालू. शेजारचा रिक्षावाला टक लावून बघेल. हसून हात करा. श्रीमंतांची काहीतरी ट्रीटमेंट असेल म्हणून तो मान फिरवेल.

बायको शेजारी असेल तर ती शांतपणे म्हणेल, ‘अहो, मी रिक्षाने पुढे होते.’ होऊ द्या. ती तुमच्या आधी पोचेल, जेवून घेईल आणि तुमचं ताट झाकून ठेवेल. संसार असेच टिकतात. ‘गाडी की मी’ असं ती अजून एकदाही म्हणालेली नाही, याचा अर्थ तिची गाडीला संमती आहे असा काढा. उत्तर तिला आधीपासून माहीत असेल, ही शक्यता मनात आणू नका.

स्पीडब्रेकरचंही एक गणित आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटरने अलगद ओलांडावा असा. तुमच्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम १२-१३ सेंटीमीटर. कागदावर सुटते गाडी. पण सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर मानक वाचून घातलेला नसतो, सेक्रेटरीसाहेबांनी उरलेल्या सिमेंटातून घातलेला असतो. गाडी तिरकी घ्या, एकेक चाक चढवा. वॉचमन ‘आने दो, आने दो’ म्हणत राहील आणि मग खालून तो आवाज येईल. आला की गाणी मोठी लावा.

पावसाळ्यात कापडी छप्पर गळतं म्हणून छपराला दोष देऊ नका. बरेचदा छपराच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाचपाखाडीतल्या रेन ट्रीच्या पानांनी तुंबलेल्या असतात. मग पाणी सीटखाली जमतं, आणि नेमकी तिथेच वायरिंगची जोडणी असेल तर एके रात्री अडीच वाजता हॉर्न आपसूक वाजू लागतो. सेक्रेटरीसाहेबांशी ओळख वाढवायची ती हीच वेळ.

टायर नवे दिसतात म्हणून खूश राहा. गाडी चालतेच कुठे झिजायला! बाजूला कोरलेले चार आकडे मात्र वाचू नका. ‘२३११’ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा, आणि रबर बसल्या जागीही म्हातारं होतं.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. मायलेज सहा-सात टक्क्यांनी उतरू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही आहे. पण मायलेज मोजायला गाडी आधी पंपापर्यंत तरी जायला हवी ना? आरटीओचंही तसंच. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी, तिची फी इथेच बनलेल्या मोटारीला २०२२ पासून ५ हजार रुपये, आणि २०२५ पासून विशी ओलांडलेल्या गाडीला १० हजार; परदेशातून आणलेलीला याहून कितीतरी जास्त. वर पर्यावरण कर. सणावारी सुरू होणाऱ्या गाडीने पर्यावरणाचं काय घोडं मारलंय, हे खिडकीवर विचारू नका. मागे रांग असते.

वागळे इस्टेटमधला तुमचा मेकॅनिक म्हणेल, ‘शेठ, गाडीत प्रॉब्लेम काय नाय, पार्ट यायचाय.’ पार्ट कधी दुबईत असतो, कधी कस्टममध्ये, कधी ‘निघालाय’. त्याचा पत्ता जास्त खोदून विचारू नये. जोवर पार्ट यायचा आहे तोवर गाडी बरी होणार आहे.

आणि घरात फारच वातावरण तापलं तर गाडी विकायला काढा. ऑनलाइन जाहिरात टाका, फोटो चांगल्या बाजूने, किंमत नव्या सेडानची. घरचे गप्प बसतात. बघायला येणारे गुडघ्यात वाकून आत बसतात, बाहेर निघता येईना म्हणून हात मागतात, आणि चहा पिऊन जातात. क्वचित ऐरोलीचा एखादा तरुण भेटतो. तो घासाघीस करत नाही, बॉनेटवरून नुसता हात फिरवतो आणि म्हणतो, ‘काका, आत्ता टोकन देतो.’ गाडी कुठे ठेवणार, विचारा. रस्त्यावर म्हणाला तर तुम्ही सुटलात. घरचं बंद गॅरेज आहे म्हणाला, तर त्याला सांगा, ‘व्यवहार पक्का समज. फक्त एक पार्ट यायचाय, आला की फोन करतो.’