युवर्सच्या पुढे काय?

आमच्या गल्लीत कुणाला इंग्रजी पत्र लिहायचं असलं की तो माझ्याकडे येतो. मजकूर मी लिहायचा आणि शेवट सगळ्यांनी मिळून ठरवायचा, अशी इथली पद्धत.

मध्यंतरी सांगलीच्या मार्केट यार्डातले आमचे शेजारी अण्णा आले. लंडनच्या एका व्यापाऱ्याला राजापुरी हळदीचा नमुना पाठवायचा होता. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं, हे लिहिलं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, 2005 च्या महापुराचं पाणी शिरलं, हेही अण्णांना हवं होतं. गिऱ्हाइकाला रडवून माल खपत नाही म्हणून मी ते गाळलं. इथवर सुरळीत. मग 'युवर्स' आलं आणि दुपार गेली.

नियम तसा सोपा. ब्रिटिश रिवाजात 'डिअर सर'ला 'युवर्स फेथफुली', नाव घालून सुरुवात केली तर 'युवर्स सिन्सिअरली'. अमेरिकन माणूस नुसतं 'सिन्सिअरली' ठोकून मोकळा होतो.

अण्णांनी चष्मा काढला. "म्हंजे ज्याचं नावबी ठावं न्हाई त्याच्याशी निष्ठा, आन् नाव कळलं की नुसता प्रामाणिकपणा? उलटं हाय की ओ! यार्डात नाव कळल्याबिगर उधारी देतंय का कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्रजांकडेही नसावं.

अण्णांचा मुलगा म्हणाला, "काका, 'बेस्ट रिगार्ड्स' टाका की."

"बेस्टच असत्यात. वाईट कोण धाडतंय?" अण्णांनी ते निकालात काढलं.

तेवढ्यात समोरचे निवृत्त गुरुजी आले. तापाच्या रजेचे हजारो अर्ज वाचलेला माणूस; त्यांना 'युवर्स ओबिडिअंटली'च पाहिजे. "हळद माझी, आन् आज्ञाधारकबी मीच?" अण्णा उखडले. गुरुजींनी मग 'युवर्स'च्या एसआधी वर एक शेपटी, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, काढली. तिथं ती कधीच नसते. मी खोडली, त्यांनी परत काढली. म्हणे, शोभा येते. दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान असतं, हे तर अण्णांना अजिबात पटेना. "बारक्या अक्षरात प्रामाणिकपणा कमी दिसतोय."

अखेर व्यापाऱ्याचं नाव ठाऊक होतं म्हणून 'युवर्स सिन्सिअरली' गेलं, बिनशेपटीचं. खाली अण्णांनी स्वतःच्या पेनानं 'कळावे, लोभ असावा' जोडलंच.

उत्तर आलं दोन ओळींचं. नमुना पसंत, भाव कळवा. शेवटी फक्त 'चिअर्स'.

अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मुलाला म्हणाले, "गडी पितोय वाटतं. ह्याला उधारीवर द्यायचं न्हाई."