विमानतळाची एनओसी लागते, गावाची नाही

2016 चे घनकचरा व्यवस्थापन नियम कोणी हौसेने वाचत नाही, मीही वाचले नसते, पण त्यात लँडफिलची, म्हणजे कचरा पुरायची, जागा ठरवायचे निकष दिले होते ते एकदा बघाच. नदीपासून 100 मीटर. तळ्यापासून 200. हायवे, वस्ती, बागा, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांच्यापासूनही 200 मीटर. आणि विमानतळापासून किती? तर 20 किलोमीटर. कारण कचऱ्यावर घारी-कावळे जमतात, ते विमानाला धडकतात, बरोबरच आहे, विमानात माणसंच बसलेली असतात. अगदीच अडचण असेल तर 10 ते 20 किलोमीटरच्या मधे चालेल म्हणे, पण मग विमान वाहतूक खात्याची नाहीतर हवाई दलाची एनओसी आणायची. म्हणजे जो वरून दोन मिनिटांत निघून जाणार त्याच्या वतीने कोणीतरी "नाही" म्हणू शकतं. आणि जो 201 मीटरवर आज्या-पणज्यापासून राहतोय त्याच्या एनओसीचं त्या निकषांत नावसुद्धा नाही. वास काय मीटरपट्टी घेऊन फिरतो का हो?

हे आठवायचं कारण म्हणजे परवा परत कोणीतरी म्हणालं की पुण्याशेजारच्या उरुळी-फुरसुंगीचे लोक सारखे कचऱ्याच्या गाड्या अडवतात, पैसे हवे असतात त्यांना. हे वाक्य पुण्यात इतक्या सहज ऐकू येतं ना, की आता त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उरुळी देवाचीचा कचरा डेपो 1981 चा. जुन्या दगडखाणीची जागा. आधी 43 एकर होता, नंतर वाढवून 163 एकर झाला, आणि वर्षानुवर्षं तिथे पुण्याचा ओला, सुका, सगळा मिक्स कचरा नुसता ओतला गेला. माऊलींची पालखी पुण्यातून निघून हडपसर करत दिवेघाटाकडे जाते ती याच पट्ट्यातून, ज्यांनी वारी केलीय त्यांना तो टप्पा वेगळा सांगायला नको. पण वारकरी संध्याकाळपर्यंत सासवडला पोचतो, गाव तिथेच राहतं. 2014 च्या शेवटी आंदोलन झालं, गाड्या बंद. 2017 च्या एप्रिलमधे डेपोला आग लागली आणि परत गाड्या बंद, त्या वेळी तर तीनेक आठवडे पुण्यात चौकाचौकात कचरा साठला होता, शेवटी मुख्यमंत्र्यांना मधे पडावं लागलं. तेव्हा पेपरात काय यायचं? "पुणेकर हैराण." तीन आठवड्यांत हैराण झालो आपण, मग फुरसुंगीकर 1981 पासून कोण होते?

माझी आत्या त्या बाजूला दिलेली. उन्हाळ्यात तिच्याकडे कुरडया घालायला आम्ही सगळे जमायचो, गच्चीवर चीक घालून झाला की वर जुनी नऊवारी ताणून बांधायची आणि तरीही एक जण पंचा घेऊन माश्या हाकलायला बसवायचा, शाळेतल्या पोरांची ती ड्युटी. चहा आला की कपावर बशी उपडी. पावसाळ्याच्या तोंडाला माश्या एवढ्या व्हायच्या की दुधाच्या पातेल्याला फडकं, फडक्यावर ताट, ताटावर पाटा. घरामागे विहीर आहे, चांगली बांधीव, पण प्यायला टँकरचं पाणी, निळ्या पिंपातलं. आत्याला याचं काही विशेष वाटायचं नाही, सवय झालेली, आणि मला वाटतं हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

आता परवानगीचा भाग. लोकांना वाटतं डेपो म्हणजे मनपाने एक दिवस उठून गाड्या रिकाम्या करायला सुरुवात केली. तसं 1981 मधे झालंही असेल, कारण पर्यावरण परवानगीची ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायची) अधिसूचनाच मुळात आली 1994 ला, आणि कचऱ्यासाठी वेगळे नियम आले 2000 मधे. त्यामुळे जुन्या डेपोंच्या बाबतीत गावाला विचारण्याची पायरीच नव्हती. नवीन प्रकल्पाला मात्र आज कागद लागतात, प्रदूषण मंडळाचं उभारणीचं संमतीपत्र, मग चालवायचं संमतीपत्र, मोठा सामायिक प्रकल्प असेल तर पर्यावरण मंजुरी आणि त्याआधी जनसुनावणी. 30 दिवस आधी पेपरात नोटीस, अहवालाचा सारांश मराठीत, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. कागदावर छान आहे. पण हे सगळं ज्यात आहे त्या 2006 च्या नव्या ईआयए अधिसूचनेत असंही आहे की सुनावणी सुरू करायला कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागत नाही. पाच माणसं आली तरी सुनावणी झाली.

अशा एका सुनावणीला मी गेलेलो आहे, कुठली ते सांगत नाही. भर दुपारी मांडव, समोर पांढरा पडदा, उन्हात प्रोजेक्टरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं आणि कन्सल्टंट साहेब लेझर मारून "इथे बघा ग्रीन बेल्ट" असं सांगतायत. मूळ अहवाल इंग्रजीत, जाडजूड, टेबलवर एकच प्रत. मराठी सारांश वाटला त्यात भूजलाला अर्धं पान. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "साहेब, माझी बोअर तुमच्या नकाशात कुठंय तेवढं दाखवा." दाखवता आली नाही. "मुद्याची नोंद घेतली आहे." सगळ्यालाच नोंद घेतली आहे. वडापाव मात्र चांगला होता.

आणि इथेच माझा खरा मुद्दा आहे. लोक जागेवरून भांडतात, इथे नको तिथे करा, पण जागा हा अर्धाच प्रश्न. सुनावणी होते एकदा, प्रकल्प सुरू व्हायच्या आधी, जेव्हा सगळं काही पीपीटीवर असतं. डेपो सुरू झाला की चालवायच्या संमतीपत्राला मुदत असते, ती संपली की नूतनीकरण, त्यात अटी असतात, कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी बाहेर जाता कामा नये, कचरा रोज झाकायचा, आसपासचं भूजल तपासायचं. आणि त्या नूतनीकरणाच्या वेळी टेबलाच्या एका बाजूला मनपा, दुसऱ्या बाजूला मंडळ, म्हणजे सरकारच सरकारला विचारतंय की तू अटी पाळल्यास का रे. अटी पाळल्या की नाही हे ज्याला नाकाने कळतं त्याला बोलावतच नाहीत. सुनावणी तिथे घ्या ना! दर नूतनीकरणाला, गावात, संध्याकाळी लोक शेतातून-कामावरून आल्यावर, आणि गावाने सांगितलं की झाकलेलं नाही, पाणी ओढ्यात जातंय, तर तपासणी होईपर्यंत कागदावर सही नाही.

"घरं नंतर आली, आधी डेपो होता" हे दुसरं आवडतं वाक्य. फुरसुंगीला तर ते लागूच नाही, गावं केव्हाची जुनी. पण मुंबईचं देवनार घ्या, 1927 पासूनचं डंपिंग, तिथे वस्ती नंतर आली हे खरंय. पण आली की आणली? मुंबईतल्या झोपड्या उठवून लोकांना शिवाजीनगर-गोवंडीकडे कोणी पाठवलं, रस्त्याच्या न् नाल्याच्या प्रकल्पग्रस्तांच्या बिल्डिंगी देवनार-गोवंडीच्या एम-पूर्व वॉर्डातच इतक्या का झाल्या, हे विचारायचं नाही. 2016 च्या जानेवारीत देवनार पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला, नंतर हायकोर्टाने नियम पाळले नाहीत म्हणून मुंबईत नवीन बांधकामांवर बंदी घातली, आणि आता 2024 मधे धारावीच्या पुनर्वसनासाठी त्याच देवनारची सव्वाशेच्या आसपास एकर जमीन दिलीय. आधी माणसांशेजारी कचरा, मग कचऱ्याशेजारी माणसं, आता थेट कचऱ्याच्या जागेवरच माणसं.

मग कचरा टाकायचा कुठे, हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. पण नियमच सांगतात की लँडफिलमधे फक्त ज्याचं दुसरं काहीच होऊ शकत नाही तेवढंच जावं. ओलं जायलाच नको, आणि वास, माश्या, काळं पाणी हे सगळं मुख्यतः ओल्याचंच. केरळात विळप्पिलशाला पंचायतीने 2011 च्या डिसेंबरमधे तिरुवनंतपुरमच्या कचरा प्लँटला कुलूप लावलं, शहर काही बुडालं नाही, हाल झाले पण घराघरात कंपोस्टचे डबे गेले. पुण्यातही 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारावर येऊन ओला-सुका वेगळा मागतात, आपण एकाच पिशवीत कोंबून देतो आणि वर व्हॉट्सॲपवर गाववाल्यांना शिव्या. गावाला नाही म्हणता येत नव्हतं तोवर कचरा स्वस्तात जात होता, एवढं साधं गणित आहे.

2017 ला दोन्ही गावं पुणे मनपात घेतली, टॅक्स शहराचा आणि पाणी टँकरचं, लोक वैतागले, 2024 मधे परत बाहेर काढून उरुळी देवाची-फुरसुंगी नगरपरिषद केली. डेपो मात्र पुणे मनपाचाच. तर तिथल्या मित्रांनो, रस्ते-गटार सगळं होईल, आधी एक अर्ज टाका: डेपोतल्या प्रत्येक प्रकल्पाच्या संमतीपत्राची मुदत कधी संपते, त्यात अटी कुठल्या, आणि भूजल तपासणीचे मागच्या पाच वर्षांचे रिपोर्ट. मराठीत मागा. अर्जाचा मसुदा कोणाला हवा असेल तर मी लिहून देतो.