वस्ती हटवली की बायका कुठे जातात?

कुठे वेश्यावस्तीत रेड पडली की फेसबुकवर लगेच सुरू होतं, हे सगळं कायमचं बंद करा, वस्त्या हटवा, बायकांना आत टाका. मला खरंच राग येतो, कारण बंद करून झालंय आपलं आणि त्याचं काय झालं तेही बघितलंय.

२००५ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबांनी डान्स बार बंद केले. घरंच्या घरं बुडत होती, लोकांची मागणी होती, आबांच्या हेतूवर मला शंका नाही. पण थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली, म्हणजे नाच तोच, फक्त बघणारा पैसेवाला असला की चालेल! २००६ ला हायकोर्टाने बंदी रद्द केली, २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही तेच केलं आणि निकालात स्पष्ट लिहिलं की ७५ हजारांवर बायकांचा रोजगार गेला, त्यातल्या बऱ्याच जणींना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावं लागलं. बायकांची अब्रू वाचवायला केलेल्या कायद्याने हे केलं.

आता पिटा बघा, वेश्याव्यवसायाबद्दलचा १९५६ चा कायदा. बऱ्याच लोकांना वाटतं धंदा करणं हाच गुन्हा आहे. तसं नाहीये. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने तीन सज्ञान मुलींना सुधारगृहातून सोडलं तेव्हा हेच सांगितलं. पण आजूबाजूचं सगळं गुन्हा. दोघींनी सुरक्षित वाटावं म्हणून एक खोली घेऊन धंदा केला तर तो कुंटणखाना. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावलं तर कलम ८ प्रमाणे बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि त्याच कलमात पुरुष सापडला तर जास्तीत जास्त तीन महिने. तिचा एकोणीस वर्षांचा पोरगा आयटीआयला आहे, फी आई भरते, खोलीचं भाडं आई भरते, तर कलम ४ प्रमाणे आईच्या कमाईवर जगतो म्हणून त्याच्यावरही केस होऊ शकते. मग ही बाई घरवालीला (कुंटणखाना चालवणारीला) आणि दलालाला सोडून जाणार कुठे? मारहाण झाली तरी पोलीस स्टेशनला जायची तिची हिंमत होत नाही, आणि हफ्ता घेणाऱ्याला हेच तर पाहिजे असतं.

न्यूझीलंडने २००३ ला कायदा बदलला. तिथे चार जणींपर्यंत एकत्र काम करता येतं, लायसन लागत नाही, आणि बाई कुठल्याही क्षणी गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकते. मला हेच योग्य वाटतं. लायसन आणि सरकारी रजिस्टर मला नकोय, कारण गावाकडे आईबापाला माहीत नसलेली बाई सरकारी कागदावर नाव घालणार नाही, आणि जिचं नाव नाही ती परत बेकायदा.

अल्पवयीन मुली, फसवून विकून आणलेल्या मुली, तिथे अजिबात दयामाया नको, विकणारा, ठेवणारा, गिऱ्हाईक म्हणून जाणारा सगळे आत गेले पाहिजेत. पण पोलिसांची ताकद सज्ञान बायकांना गाडीत भरण्यात चाललीये तोवर त्या पोरींपर्यंत पोचणार कोण? आणि पोरगी कुठल्या खोलीत कोंडलीये हे सगळ्यात आधी शेजारच्या खोलीतल्या बाईलाच कळतं, ती पोलिसांना फोन करेल, पण त्यासाठी आधी तिला स्वतःच्या अटकेची भीती नसली पाहिजे.

"तुमच्या बिल्डिंगखाली चालेल का" असं कमेंटमध्ये कोणी विचारणारच. नाही चालणार. दारूचं दुकान कुठे असावं याचे नियम आहेतच ना, तसे जागेचे नियम करा, मोडले तर दंड लावा. पण कलम ४ आणि ८ आधी बदला. कायदा केंद्राचा आहे, तेव्हा हे आमदाराला नाही, खासदाराला विचारा.