येऊरचा बिबट्या आणि ओहायोची नळी

"अमेरिकेत बघा, लायसन्स काढतात आणि हरणं मारतात. आपण नुसते कायद्याला घाबरतो." ठाण्यातल्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा हे आलं आणि खाली लगेच, "ओहायोवाल्याला विचारा." ओहायोवाला म्हणजे मी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहणारा. निमित्त मुरबाडचं. एकाच्या मामांचं भाताचं खाचर रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलं. मामांचं नुकसान खरंच आहे. पण अमेरिका दाखवायची तर अर्धी नको.

माझ्या शेजाऱ्याकडे बारा बोअरची बंदूक आहे. हरणांसाठीचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी उघडतो. त्याच्या गॅरेजात तयारी महिनाभर आधी सुरू. बंदूक एकच, नळ्या दोन. एक आतून गुळगुळीत, दुसरीच्या आत पीळदार खाचा. गुळगुळीत नळीला शिशाचा साधा स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळी), पीळवालीला प्लास्टिकच्या खोळीत बसवलेला महागडा सॅबो. मी म्हटलं, महागडाच दोन्हीत वापर की! त्याने पन्नास यार्डांवर कागद लावला आणि गुळगुळीत नळीतून सॅबो मारून दाखवले. भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरली. पीळ नाही, तर गोळी फिरणार कशी? मग साधे स्लग मारले. तिन्ही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. पीळवाल्या नळीत साधे मारले तर खाचांत शिसं बसतं आणि संध्याकाळ घासण्यात जाते. शिवाय काडतुसाची कंपनी बदलली की नेम पुन्हा पहिल्यापासून जुळवायचा.

इथे हरणासाठी छर्रे चालत नाहीत. एका काडतुसात एकच गोळी, बंदुकीत जास्तीत जास्त तीन काडतुसं, अंगावर भगवं जाकीट. (ते भगवं पाहून मला पहिल्यांदा वारीच आठवली.) 2014 पासून सरळ नळकांडी (तोंडाशी न निमुळत्या) काडतुसाच्या, कमी पल्ल्याच्या रायफली चालतात, पण लांब पल्ल्याच्या नेहमीच्या रायफलींना हरणासाठी अजून मनाई. मुलूख सपाट, मध्येमध्ये घरं. चुकलेली गोळी लवकर मातीत जावी हा हिशेब. तरीही चुकलेला स्लग अर्धा मैल सहज जातो. आता घोडबंदर रोडचे टॉवर डोळ्यांसमोर आणा, जंगलाच्या भिंतीला टेकलेले. ठाण्याला लागूनच्या येऊरच्या जंगलात अर्धा मैल मोकळा कुठे दाखवता?

आणि हरणं मारावी का लागतात? 1904 पर्यंत ओहायोत हरीण उरलंच नव्हतं. ते परत आणून वाढवलं, पण हरणं खाणारे लांडगे आणि प्यूमा (तिथलं मोठं रानमांजर) गेले ते गेलेच. त्यांचं काम आता माणूस करतो. 1937 च्या कायद्याने शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरचा 11 टक्के कर वन्यजीवांच्या कामाला जातो, आणि मारलेल्या प्रत्येक हरणाची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नोंद करावी लागते. येऊरमध्ये हेच काम बिबट्या बिनपगारी करतो आणि आपण त्यालाच पकडा म्हणतो.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीवर बंदी आहे, हे चांगलंच. पण डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबटेही अडकतात, त्याची मोजदाद कोण ठेवतो? मामांना भरपाई पुढचं भात लावायच्या आत मिळाली तर फासाची तार कोणी विकत घेणार नाही, असं मला वाटतं. ग्रुपवर हेच लिहिलं. उत्तर आलं, "म्हणजे नाहीच म्हणतोस ना?"

शेजारी दरवर्षी थोडं मांस देतो. मालवणी मसाला लावायच्या आधी मी एकेक तुकडा बोटांनी चाचपतो, शिशाची कच दाताखाली यायला नको. यंदा त्याने तांब्याचे स्लग आणलेत. गॅरेजात पुन्हा कागद, पुन्हा पन्नास यार्ड.