उंब्रिया की सावली?

लेखात 'अंबर' या तपकिरी मातीरंगाचं नाव इटलीतल्या उंब्रिया प्रांतावरून आलं, असं ठामपणे म्हटलंय. दुसरी व्युत्पत्तीही द्यायला हवी होती: लॅटिन 'उंब्रा', म्हणजे सावली. चित्रात सावल्या भरायलाच हा रंग लागतो, म्हणून मला तीच जास्त पटते. नावाजलेली माती मात्र सायप्रसची. लोहाबरोबर मँगनीज असल्याने ती गेरूपेक्षा काळपट. भाजली की लालसर होते, तोच 'बर्न्ट अंबर'. आपल्या आकाशवाचक 'अंबर'शी याचा संबंध नाही, हे गिरगावात चित्रकलेच्या क्लासला मुलांना दरवर्षी सांगावं लागतं. आणि गेरूचं मूळ संस्कृत 'गैरिक', डोंगरातलं! तेही लेखात यायला हवं होतं.