'समुद्र आम्लधर्मी होतोय हे थोतांड' वाल्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे समुद्राचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, 7 च्या खाली गेला की आम्ल) आजही 8 च्या वर आहे, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) तर ज्वालामुखीच जास्त सोडतात, सरकारं नुसत्या परिषदा भरवतात आणि आपला पुणेकरांचा काय संबंध. खाली भराभर अंगठे पडले म्हणून लिहितोय.

8 च्या वर आहे हे खरंच आहे, समुद्र आंबट झाला असं कोणी म्हणत नाहीये. पण पीएचची पट्टी गुणाकाराची असते, एक आकडा खाली म्हणजे आम्लता दहापट. कारखाने यायच्या आधी साधारण 8.2 होता, आता 8.1 च्या आसपास आहे, म्हणजे आम्लता 30 टक्क्यांच्या जवळपास वाढली. आपण सोडलेल्या सीओटूतला सुमारे पाव हिस्सा समुद्र पितो आणि शिंपल्यांना कवच बांधायला जे कार्बोनेट लागतं तेच त्यामुळे कमी पडतं. रविवारी गणेश पेठेतून तिसऱ्या (खायचे शिंपले) आणल्या तेव्हा लेकीने एक रिकामा शिंपला व्हिनेगरमध्ये टाकला, लगेच बुडबुडे, दुसऱ्या दिवशी कडा बोटाने चुरत होती. व्हिनेगर कितीतरी जास्त तीव्र, मान्य, पण कवचाला काय खातं ते डोळ्यांनी दिसलं.

ज्वालामुखी जगातले सगळे धरले तरी माणसाच्या 1 टक्क्याहून कमी, तो मुद्दा तिथेच संपला.

आता सरकारं काही करत नाहीत हे, कारण हेच लोकांना सगळ्यात पटतं. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर 2007 च्या सुमाराला कालवांच्या हॅचरीत (पिल्लं वाढवायच्या केंद्रात) पिल्लं ढिगाने मरायला लागली, आधी रोग वाटला, मग कळलं की खोलातून वर येणारं सीओटूने भरलेलं पाणीच त्यांना कवच धरू देत नाहीये. मग पाण्यात सोडा मिसळायचा, सेन्सर लावायचे, पाणी वाईट असेल त्या वेळी आत घ्यायचंच नाही, असं करून धंदा वाचला. शेजारच्या वॉशिंग्टन राज्याने समिती नेमली, 2012 ला अहवाल आला, आणि 2016 ला कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया यांनी मिळून समुद्राच्या वाढत्या आम्लतेविरुद्ध आघाडी काढली, त्यात फ्रान्स, चिलीसारखे देशही आले. मोजमापासाठी वेगळं जागतिक जाळं आहे, त्यातून मॉरिशस, मोझांबिकसारख्या देशांना स्वस्तातली मोजणी किट आणि ट्रेनिंग मिळालं. ज्या किनाऱ्याचा आकडाच नाही तिथल्या कोळ्याला सावध कोण करणार, म्हणून मला ही किट कुठल्याही भाषणापेक्षा मोलाची वाटतात.

हे सगळं ऐच्छिक आहे आणि मूळ रोग, म्हणजे उत्सर्जन, यातून थांबत नाही, ही तक्रार माझीही आहे. पण तिथेही हालचाल आहे. छोट्या बेटांच्या देशांनी हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाला विचारलं आणि 21 मे 2024 ला मत आलं की सीओटूसारख्या हरितगृह वायूंचं उत्सर्जन हे समुद्राचं प्रदूषणच आहे, ते रोखणं देशांचं कर्तव्य आहे आणि नुसता पॅरिस करार (तापमानवाढ रोखायचा 2015 चा जागतिक करार) पाळला की झालं असं नाही. मत सल्ल्याचं आहे, दंड नाही, तरी पुढच्या खटल्यांत वकील ते वापरणार.

राहिला पुण्याचा संबंध. हिंजवडीच्या सिग्नलला अडकलेल्या गाड्यांचा सीओटू घाट उतरून कोकणात जायला व्हिसा मागत नाही, आणि हिंदी महासागर कसा बदलतोय यावर आपल्याच पाषाणच्या आयआयटीएममध्ये (हवामानावर संशोधन करणाऱ्या संस्थेत) काम चालतं.