डेंग्यू घरी आणायचाय? एकदम सोप्पंय

आरोग्य खात्याचं पत्रक दारात आलं की त्याची छान घडी घाला आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवा. वाचायचं वगैरे नाही हां. मी गेले बारा दिवस अंथरुणात पडून, डोळ्यांच्या मागे ठणका लागलेला असताना, तेच पत्रक चारदा वाचलंय, म्हणजे आता मी तज्ज्ञच झालो की.

तर पहिलं म्हणजे कुंडीखालची ताटली कायम भरलेली ठेवा.

डास गटारातच होतात ही समजूत अजिबात सोडू नका. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला साठवलेलं स्वच्छ पाणी चालतं, उलट तेच आवडतं, पण आपल्याला काय त्याचं.

मच्छरदाणी फक्त रात्री लावा. हा चावतो दिवसा, बिचाऱ्याची गैरसोय नको.

आता महत्त्वाचं. पाणी तपासायला टॉर्च घेऊन बाई आल्या की दाराची साखळीसुद्धा काढायची नाही, फटीतूनच सांगायचं, "आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं." आमच्या वरच्या काकांनी अस्संच सांगितलं, आणि त्या बाई चार जिने उतरून गेल्या, आणि गच्चीवर काकांचा निळा ड्रम अर्धवट झाकण घालून तसाच. मी परवा भिंतीला धरत धरत वर जाऊन बघितला. वाकलो, माझी सावली पाण्यावर पडली, तशा सगळ्या अळ्या वळवळत तळाला. शेकड्याने! अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि हा ड्रम तीन महिने भरलेलाय, करा हिशोब. वर हेच काका खाली उभे राहून बोंबलतात की धूरफवारणी होत नाही, सरकार झोपलंय. अहो धुराने उडते डास मरतात, ड्रममधल्या अळ्यांना त्याचं काय? त्या चार दिवसांनी उडतील की!

ताप आला तर घरात सापडेल ती गोळी घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो म्हणतात, पण डॉक्टरांना कशाला विचारायचं.

ताप उतरला की लगेच कामाला पळा. खरा धोका तेव्हाच असतो, पोटात दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं. माझं पोट ताप उतरल्यावरच दुखायला लागलं आणि रात्री दोनला ॲडमिट व्हावं लागलं.

आणि हो, एकदा झाला की परत होत नाही असं सगळ्यांना सांगत सुटा. विषाणूचे प्रकार 4 आहेत आणि दुसऱ्या खेपेला जास्त जड जाऊ शकतं.

जाऊ दे, नाही जमत मला हे गोड बोलणं. काका, लाज वाटू द्या जरा. तुमच्या आळसापायी मी सलाईन लावून पडलो होतो, आता खालच्या मजल्यावरची सहा वर्षांची पोरगी तापलीय. आजच्या आज तो ड्रम रिकामा करा. आणि नुसता उपडा करू नका, आतल्या कडेला अंडी चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात, खसाखसा घासा. ब्रश नसेल तर माझा दाराबाहेर ठेवलाय, न्या.